२०८ विरुद्ध ७

उत्तर प्रदेशच्या आमदाराचे मत २०८, महाराष्ट्राच्या १७५, गोव्याच्या २०, सिक्कीमच्या ७. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मते नुसती मोजत नाहीत, तोलतात. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित जागांनी भागायचे आणि आलेल्या उत्तराला पुन्हा हजाराने. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, जागा २८८, उत्तर १७५. ही लोकसंख्या १९७१ची आहे, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल.

सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज मग निर्वाचित खासदारांत सारखी वाटतात. २०२२ मध्ये बेरीज ५,४३,२३१ आणि खासदार ७७६, म्हणून दर खासदारी मत ७००. (आधी ते ७०८ होते, जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने आठने घसरले.) संसद आणि विधानसभा यांची पारडी अशी समसमान राहतात. नियुक्त खासदारांना मत नाही. विधान परिषदेलाही नाही. म्हणजे आपले ७८ आमदार त्या दिवशी नुसते प्रेक्षक.

संविधान सभेत के. टी. शाह यांनी राष्ट्रपती थेट जनतेने निवडावा, अशी दुरुस्ती सुचवली होती. ती फेटाळली गेली. खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे असताना एवढ्या मोठ्या देशाने एका माणसासाठी मतदान करायचे आणि त्याच्या हाती अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हे विसंगत ठरेल, असा नेहरूंचा मुद्दा होता. तो आजही पटतो. कोट्यवधी मते घेऊन आलेला राष्ट्रपती पंतप्रधानांचा सल्ला किती काळ निमूटपणे ऐकेल?

पण पद्धत तत्त्वाने योग्य असली, तरी तिचे माप बरोबर आहे का, हे वेगळे तपासावे लागते. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू यांना २,८२४ मतदारांनी पहिली पसंती दिली, यशवंत सिन्हा यांना १,८७७ जणांनी. डोकी मोजली तर मुर्मूंचा वाटा ६० टक्के. मूल्य मोजले तर ६,७६,८०३ विरुद्ध ३,८०,१७७, म्हणजे ६४ टक्के. हे चार टक्के आले कुठून? वैध मते देणाऱ्या ७४८ खासदारांपैकी ५४० मुर्मूंकडे होते, म्हणजे ७२ टक्के. आमदारांच्या मतमूल्यात मात्र त्यांचा वाटा ५६ टक्केच होता. लोकसभेत जागांचा फुगवटा मुळातच असतो: २०१९ मध्ये भाजपने सुमारे ३७ टक्के मतांवर ३०३ जागा जिंकल्या होत्या. तो फुगवटा दर खासदारी ७०० च्या हिशेबाने जसाच्या तसा राष्ट्रपतिभवनापर्यंत पोहोचतो. माझ्या मते या पद्धतीचा सर्वात कमी चर्चिला जाणारा दोष हाच. तिच्याविषयीची तक्रार ‘जनतेला विचारले नाही’ एवढीच नसून, जनतेचे मत दोनदा गाळून घेतले जाते, ही आहे.

जमेच्या बाजूला गुप्त मतदान आहे, आणि इथे पक्षादेश चालत नाही. २००७ मध्ये शिवसेनेने स्वतःच्या आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली; पक्षांतरबंदी कायद्याचा प्रश्नच आला नाही. याहून मोठा खेळ १९६९ मध्ये झाला. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, १,१२,७६९. विजयाला हवी होती ४,१८,१६९. कुणीच पोहोचले नाही, म्हणून दुसऱ्या पसंतीची मते उघडावी लागली. आजवर असे एकदाच घडले आहे. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. मधल्या फेऱ्यांत रेड्डींच्या खात्यात ९१,८७९ ची भर पडली, गिरींच्या जेमतेम १८,५६२ ची, आणि तरी गिरी जिंकले. इंदिरा गांधींनी दिलेली ‘अंतरात्म्याच्या आवाजा’ची हाक पुरली, काँग्रेस मात्र त्याच वर्षी फुटली.

आता १९७१ कडे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने लोकसंख्येचे हे आकडे गोठवले आणि ८४व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू असा, की कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये. गणित करून पाहा. गोठलेल्या हिशेबात बिहारचा आमदार १७३, केरळचा १५२. २०११ची जनगणना धरली तर बिहार ४२८, केरळ २३९. तमिळनाडू आज १७६ वर, महाराष्ट्रापेक्षा एकाने पुढे; २०११च्या आकड्यांवर महाराष्ट्र ३९० आणि तमिळनाडू ३०८.

म्हणून ‘जुने आकडे बदला’ हे म्हणायला सोपे आहे. बदलले तर बिहारच्या मतदाराला न्याय मिळतो आणि केरळला आपल्याच यशाचा दंड बसतो. न बदलले तर आज पन्नाशीत असलेल्या नागरिकांचीसुद्धा या तोलात गणना होत नाही, कारण १९७१ मध्ये त्यांचा जन्मच झाला नव्हता. मुर्मूंची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते. तोवर नव्या जनगणनेचे आकडे अधिकृतपणे प्रसिद्ध झाले नाहीत, तर पुढचा राष्ट्रपतीही ५६ वर्षांपूर्वीच्या भारताच्या मापानेच निवडला जाईल.