पुनःपाक आणि तक्षण

आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटी वैष्णवांचा मेळा लोटतो, द्वादशीला पारणे फिटते, आणि भाविक परतले की क्षेत्रात मागे उरतात त्या रिकाम्या बाटल्या, झाकणे आणि तेलाचे डबे. घरोघरीही तोच पसारा. त्यातले पुष्कळसे कोपऱ्यावर पेटविले जाते. हा धूर होमाचा नव्हे; तो लेकराबाळांच्या छातीत जाऊन बसतो.

आमच्या आळीतील एक कातारी मात्र ही झाकणे वितळवून लेथवर चढविण्याजोगे ठोकळे करतो. त्याने कातलेले एक बोंड पाहून एका दिंडीकऱ्याने आम्हांस पृच्छा केली, “बुवा, उष्ट्या बाटलीच्या झाकणाचे बोंड पताकेच्या काठीला चालेल काय?”

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे प्रकरण आहे. मातीचे पात्र पुन्हा भाजल्याने शुद्ध होते. लाकूड, शिंग व अस्थी तासल्याने. प्लॅस्टिक स्मृतिकारांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. परंतु या ठोकळ्याला पुनःपाक आणि तक्षण असे दोन्ही संस्कार घडतात. चालेल, असा निर्णय आम्ही दिला.

मात्र पाक विधिपूर्वक हवा. बाटली एका जातीची, झाकण दुसऱ्या जातीचे. त्रिकोणातील २ हा आकडा घट्ट पॉलिथिनचा, ५ हा पॉलिप्रॉपिलिनचा. ही दोन्ही पाण्यावर तरंगतात, पण परस्परांत एकजीव होत नाहीत, म्हणून वेगळी ठेवावी. मिसळल्यास पटाशी लागताच ठोकळ्याचे पापुद्रे सुटतात. ३ आकड्याचे पीव्हीसी तर भट्टीजवळही नेऊ नये; तापताच त्यातून आम्लवायू निघतो. झाकणे धुऊन, वाळवून, कातरून घ्यावी. घट्ट पॉलिथिन सुमारे १३० अंशांना वितळू लागते, तरी मळण्याजोगे व्हावयास भट्टी १७० ते १८० अंशांवर ठेवावी लागते. ही भट्टी स्वयंपाकाची नसावी आणि जागा उघडी, वाहत्या वाऱ्याची असावी. जाड हातमोजे घालून गोळा मळायचा, साच्यात दाबायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा भर घालून दाबायचा. निवताना हे द्रव्य आकसते. उतावळेपणाने शिकंजा सोडला, तर बाहेरून अखंड दिसणाऱ्या ठोकळ्याच्या गाभ्यात पोकळी राहते, आणि ती कळते लेथ फिरू लागल्यावर. आमचा कातारी रात्रभर शिकंजा सोडत नाही. एवढा धीर आमच्या श्रोत्यांतही विरळाच!

कातताना धारदार पटाशी आणि मंद गती. घर्षणाने ऊब वाढली की पृष्ठभाग चिकट होतो. लाल, निळ्या, पांढऱ्या झाकणांच्या लहरी मग अशा उमटतात की रंग द्यावा लागत नाही. भोवरे, खणाच्या मुठी, काठीची बोंडे उत्तम होतात. नैवेद्याचे पात्र किंवा समईची बैठक करू नये. पहिल्यात पूर्वी काय भरले होते ते सांगता येत नाही, दुसरी ज्योतीशेजारी टिकत नाही. विण्याच्या खुंटीलाही आम्ही नकार दिला आहे. तारेच्या ताणाखाली हे द्रव्य हळूहळू नमते, आणि ऐन निरूपणात स्वर उतरतो.

उरतो तो कीस. लांबलांब फिती निघतात, बारीक भुगाही पडतो. झाडून गटारात लोटला तर तो चंद्रभागेतच जाणार, माशांच्या पोटी. कातारी लेथखाली जुने धोतर अंथरतो आणि सायंकाळी ते झटकून सारा कीस पुढच्या पाकासाठी डब्यात भरतो.