नऊ सामने, नऊ विजय आणि न आलेलं निमंत्रण

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकी कॉलेज फुटबॉलचा विषय निघाला की नोत्र दाम आणि आर्मी ही नावं आधी येतात. मला मात्र त्या काळातला सर्वांत मोठा हंगाम १९५१चा वाटतो, आणि तो सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या ‘डॉन्स’ संघाचा.

हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू हाताशी धरून, धडका देत आणि चुकवत प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात शिरलात की टचडाउन. विद्यापीठ जेझुइटांचं, छोटं, पैशाने तंग. प्रशिक्षक जो कुहॅरिच मोठे कडक; हंगामापूर्वी पोरांना कॉर्निंगच्या रणरणत्या उन्हात नेऊन पिदडत. जवानांना सरकारी खर्चाने शिकता येत असल्यामुळे तेव्हा कॉलेजच्या मैदानांवर रणांगण पाहिलेले गडी असत. जिनो मार्केटी त्यांतलाच, महायुद्धातल्या बल्जच्या लढाईतून परतलेला.

संघाचा प्राण होता ऑली मॅटसन. नऊ सामन्यांत चेंडू घेऊन १५६६ यार्ड धावला, २१ टचडाउन केले. दोन्हींत देशात पहिला. न्यूयॉर्कला फोर्डहॅमविरुद्धचा सामना तर बघाच. प्रतिस्पर्ध्याने लाथाडलेला चेंडू आपल्याच टोकाजवळ झेलायचा आणि समोरून चाल करून येणाऱ्या अकरा जणांना हुलकावण्या देत जवळजवळ अख्खं मैदान कापायचं, हे एका सामन्यात एकदा जमलं तरी वर्षभर बोललं जातं. मॅटसनने ते त्या दिवशी दोनदा केलं. डॉन्स ३२-२६ने जिंकले. (पुढच्याच वर्षी त्याने हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवलं. आपल्या खाशाबा जाधवांचं कांस्यपदकही त्याच हेलसिंकीचं.)

नोव्हेंबरात कॉलेज ऑफ पॅसिफिकचा ४७-१४ असा फडशा पाडला, शेवटी पॅसाडीनाच्या रोझ बोल मैदानावर लोयोलाला २०-२ हरवलं. नऊपैकी नऊ!

वर्षारंभी निवडक संघांना ‘बोल’ सामन्यांचं निमंत्रण येई. मान मोठा, पैसाही मोठा. पण ऑरेंज, शुगर, गेटर हे बोल दक्षिणेतले, जिथे गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळणं मान्य नव्हतं. मॅटसन आणि बर्ल टोलर या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना मागे ठेवून येत असाल तर या, असा निरोप आल्याचं खेळाडू पुढे आयुष्यभर सांगत राहिले. दोघेही जन्माने दक्षिणेतलेच. मॅटसन टेक्ससचा, टोलर टेनेसीचा. म्हणजे त्यांच्याच मुलखात त्यांना बंदी.

संघाने नकार दिला. मतदान नाही, भाषणं नाहीत. दोघांना सोडून जायचं हा विचारच कुणी केला नाही. मला या हंगामातलं सर्वांत थोर काही वाटत असेल तर ते हेच. डॉन्सचे प्रतिस्पर्धी कच्चे होते, म्हणून त्यांना बोलावलं नाही, असंही सांगितलं गेलं. लष्करी तळांचे संघ त्यांच्या वाट्याला आले होते हे खरं. पण याच संघातले मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले. एका कॉलेज संघातले तिघे! अशा संघाला कच्चा म्हणणाऱ्यांचं ऐकायचं कशाला?

बोलच्या पैशाने कर्जाचा भार हलका झाला असता. तो पैसा आला नाही, आणि हंगाम सरताच विद्यापीठाने फुटबॉल बंद केला.

संघाची प्रसिद्धी सांभाळणारा पीट रोझेल १९६०मध्ये व्यावसायिक लीगचा कमिशनर झाला. टोलरचा गुडघा १९५२मध्येच दुखावला आणि खेळाडू म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. तो सॅन फ्रान्सिस्कोत शिक्षक झाला, मग मुख्याध्यापक. १९६५मध्ये रोझेलच्या लीगमधला तो पहिला कृष्णवर्णीय पंच ठरला, आणि लीगच्या अंतिम सामन्यात, १९८०च्या सुपर बोलमध्येही त्याने पंचगिरी केली. तो सामना रोझ बोलवरच झाला.