आधी काम सांगा

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला बाहेर पडून थोडं चाललं की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची ही जुनी बाजारपेठ. अरुंद गाळे, वर पोटमाळे आणि काउंटरवर छातीपर्यंत रचलेले खोके. आर्किटेक्चर शिकणाऱ्या भाच्याला इथेच कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता, म्हणून मी सोबत गेले.

त्याने मोबाइलवर पूर्ण यादी तयार करून आणली होती. दुकानदाराने फोन हातात घेतला, पण यादी वाचायच्या आधी विचारलं, "काम काय करणार?"

"ऑटोकॅड, स्केचअप. आणि रेंडरिंग."

"घरी मॉनिटर आहे? लाइट जाते का वारंवार?"

मग पेन घेऊन त्याने कागदावर नवी यादी मांडली. रंगीत दिव्यांचं महागडं कॅबिनेट कापलं. "तेच पैसे रॅममध्ये टाक. १६ जीबीवर मोठं मॉडेल अडकेल, ३२ घे." कॅबिनेटसोबत मिळणारा स्वस्त एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबाही, त्याने बाजूला सारला आणि चांगल्या कंपनीचा सुचवला. खराब वीजपुरवठ्याने कधी मदरबोर्डही जातो, हे त्याने भाच्याला नीट समजावलं. ग्राहकाला जे लागत नाही ते न विकणं आणि जे लागतं त्यावर अडून बसणं, याला मी सेवा म्हणते. ताई-मॅडम म्हणत चहा पाजणारे पुष्कळ भेटतात. असा प्रश्न विचारणारे कमी.

कोटेशन देताना त्याने स्पष्ट सांगितलं की भाव आज संध्याकाळपर्यंतचाच. दोन वस्तू दुकानात नव्हत्या. एक मुलगा जवळच्याच वितरकाकडे पळाला आणि सीलबंद खोके घेऊन आला. खोक्यांची सील आमच्यासमोरच फोडली. पुढचा तास मी उभ्यानेच पाहत होते.

जोडणारा मुलगा विशीतला असावा. त्याने मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवला. सॉकेटची दांडी उचलली, प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवला आणि प्रोसेसर नुसता ठेवला. दाबला नाही. त्या सॉकेटमध्ये हजाराहून जास्त बारीक पिना असतात. एक जरी वाकली तरी बोर्ड कामातून जाऊ शकतो आणि अशा मोडतोडीला वॉरंटी सहसा मिळत नाही. रॅमच्या दोन पट्ट्या त्याने शेजारी-शेजारी न लावता एक खाच सोडून लावल्या, म्हणजे रॅमचे दोन्ही मार्ग वापरले जातात. घाईत जोडणारे नेमकं हेच विसरतात. कॉम्प्युटर सुरू होतो, म्हणून ग्राहकाला कळतही नाही. कॅबिनेटमध्ये बसवण्याआधी त्याने सगळं बाहेरच चालू करून पाहिलं. मग बायोस उघडून भाच्याला जवळ बोलावलं. पट्टीवर ६००० लिहिलेली रॅम अनेकदा ४८०० वरच चालत राहते, जोपर्यंत तिथे कोणी सेटिंग बदलत नाही. त्याने ते बदललं, कसं बदललं तेही दाखवलं. शेवटी मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डलाच लावायची, हे दोनदा बजावलं. या मुलाच्या हातातली काळजी दुकानाच्या कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही, याचं मला वाईट वाटलं.

मोठ्या शोरूममध्येही लॅपटॉप घ्यायला मी गेले आहे. तिथे गणवेशातला तरुण आपुलकीने बोलतो, पण पुष्कळदा तो दुकानाचा नसून एखाद्या कंपनीचा प्रमोटर असतो. त्याला दुसऱ्या कंपनीचं मॉडेल चांगलं का, हे विचारण्यात अर्थ नसतो. दोष त्याचा नाही, त्याचं टार्गेट तसं असतं. निदान "तुम्ही दुकानाचे की कंपनीचे?" एवढं तरी ग्राहकाने विचारावंच.

विंडोजचा विषयही लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने स्वतःहून काढला. लायसन्स घ्यायचं तर किंमत वेगळी, नको असेल तर लिनक्स टाकून देतो. फुकटचं, चोरीचं विंडोज टाकणार नाही. मला ते फार आवडलं.

मग बिल. कच्चं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वाचेल, अशी कुजबुज बाजारात ऐकू येते. ते वाचलेले पैसे पहिल्याच बिघाडात अंगावर येतात, कारण दाखवायला कागदच नसतो. इथे पक्कं बिल मिळालं आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. काही दुकानांच्या बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असं छापलेलं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा, मग बिलावर काहीही छापलेलं असो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

खोके बांधताना दुकानदार भाच्याला म्हणाला, "हे रिकामे खोके वर्षभर टाकू नकोस. काही बिघडलं तर अख्खं मशीन उचलून आणू नकोस. आधी फोन कर, कुठला भाग काढायचा ते सांगतो."