ध्वनिक्षेपकाची कैफियत

संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानली गेलेली नरसी, ज्योतिर्लिंगाचे औंढा नागनाथ आणि दसरा महोत्सवामुळे साऱ्या मराठवाड्यात ख्यात झालेले हिंगोली शहर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे भजन-कीर्तन ऐकण्याची आवड घरोघर असावी आणि त्या आवडीपायी बैठकीच्या खोलीत ध्वनिक्षेपकांची एखादी जोडी मांडलेली असावी, यात नवल नाही. खेद वाटतो तो याचा की, ही जोडी एखाद्या दिवशी घरघरू लागली म्हणजे कसलीही चौकशी न करता तिच्यावर ‘स्पीकर फुटला’ असा शेरा मारला जातो आणि तिची रवानगी माळ्यावर किंवा भंगारवाल्याच्या गाड्यावर होते. वस्तुतः ध्वनिक्षेपक हे अत्यंत सरळ यंत्र आहे आणि आपले दुखणे ते स्वतःच्याच आवाजाने इतके स्पष्ट सांगत असते की, कान देऊन ऐकणाऱ्या कोणाही गृहस्थाला बहुतेक बिघाडांचे मूळ घरच्या घरी शोधता यावे.

अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी १९२५ साली ज्या रचनेचे शास्त्रीय विवेचन प्रसिद्ध केले, तीच रचना मूलतः आजही आपल्या घरातील पेटीत असते. मागे एक बलवान चुंबक, त्याच्या अरुंद वर्तुळाकार फटीत तरंगणारे तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्या कॉइलला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू, ज्याला दुरुस्तीवाले कोन किंवा पडदा म्हणतात. ॲम्प्लिफायरमधून येणारा प्रवाह जसजसा दिशा पालटतो, तसतशी कॉइल पुढे-मागे सरकते आणि सुपाने वारा घालावा तसा पडदा हवेला हालवतो. पडद्याची बाहेरची कड फोमच्या किंवा रबराच्या रिंगने चौकटीला बांधलेली असते, आणि आतली बाजू स्पायडर नावाच्या घड्यांच्या कापडी चकतीने सावरलेली असते. एवढाच काय तो सारा पसारा.

दुरुस्तीचा पहिला नियम असा की, आरोपी कोण हे ठरल्याखेरीज पेचकसाला हात लावू नये. घरघर ध्वनिक्षेपकाची आहे, तारेची आहे की ॲम्प्लिफायरची, हे ठरवण्यासाठी सर्व यंत्रणा बंद करावी, डाव्या-उजव्या पेट्यांच्या तारा पेट्यांपाशी आपसांत बदलाव्या आणि तेच गाणे पुन्हा लावावे. दोष त्याच पेटीत राहिला, तर पेटी दोषी. तो दुसऱ्या पेटीत गेला, तर पेटी निर्दोष असून शोध मागे, तारेकडे आणि ॲम्प्लिफायरकडे, न्यायचा. गाणे लावलेले नसतानाही संथ गुणगुण ऐकू येत असेल, तर ती बहुधा विजेच्या ५० किंवा १०० आवर्तनांची असते आणि तिच्याशी पडद्याचा काहीएक संबंध नसतो. आवाजाचे बटण फिरवतानाच खरखर होत असेल, तर त्या बटणाखालच्या कंट्रोलमध्ये धूळ गेली आहे असे समजावे. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा हा त्यावर पुरेसा इलाज ठरतो. काळ्या मातीच्या या मुलखात उन्हाळ्याची बारीक धूळ बंद कपाटातही शिरते, आणि पेटीच्या मागल्या भोकातून उंदीर आत जाऊन तारा कुरतडतात, हेही ध्यानात असू द्यावे.

पेटीच दोषी ठरली, तर दीड व्होल्टचा साधा सेल घ्यावा आणि ध्वनिक्षेपकाच्या तारा मोकळ्या करून त्यांना क्षणभर टेकवावा. ‘खट्’ असा आवाज होऊन पडदा हालला, तर कॉइल जिवंत आहे. काहीच झाले नाही, तर मल्टीमीटर लावावा. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकावर तो साधारण साडेपाच ते सात दाखवतो, चार ओहमच्यावर तीन ते चार. आकडाच दिसत नसेल, तर कॉइल तुटली आहे, असे घाईने म्हणू नये. चौकटीवरील पट्टीपासून पडद्याकडे जाणारी लवचीक विणलेली तार सततच्या हालचालीने तुटते, आणि तिला नीट डाख लावला की मृत म्हणून गणलेला ध्वनिक्षेपक पुन्हा बोलू लागतो.

यानंतर दोन्ही हातांची बोटे पडद्यावर सर्व बाजूंनी सारखी ठेवून तो हलकेच आत दाबावा. तो निःशब्द आत-बाहेर झाला, तर उत्तम. खरवडल्यासारखे जाणवले, तर कॉइल फटीत घासत आहे. हे करताना लोखंडी पेचकस पडद्याजवळ मुळीच नेऊ नये, कारण चुंबक तो हातातून ओढून घेतो आणि कागदाला आरपार भोक पडते. पडदा थोडासा फाटला असेल, तर पाण्याने किंचित पातळ केलेल्या पांढऱ्या डिंकाने टिश्यू पेपरचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटवावा. सेलोटेप लावू नये. ती थोड्याच दिवसांत सुटते आणि स्वतःच फडफडू लागते.

जुन्या, चांगल्या पेट्यांत सर्वाधिक आढळणारा बिघाड मात्र फोमच्या रिंगचा होय, आणि येथे थोडे थांबणे इष्ट आहे. दहा-वीस वर्षांत उष्मा आणि दमटपणा सोसून हा फोम बोट लावताच भुगा होतो, पडद्याचा आधार सुटतो आणि तबल्याचा डग्गा फडफडू लागतो. लोक यालाच ‘फुटणे’ म्हणतात. पण चुंबक, कॉइल, पडदा हे सर्व शाबूत असते. त्याच मापाची नवी रिंग विकत मिळते. जुन्या फोमचे अवशेष आणि वाळलेला गोंद सबुरीने खरवडून काढावा. पडद्यावरची मधली टोपी धारदार पात्याने अलगद सोडवून, कॉइल आणि आतला लोखंडी खांब यांच्या मधल्या फटीत जाड कागदाच्या पट्ट्या चोहोबाजूंनी सारख्या खोचाव्या, म्हणजे कॉइल मध्यावर स्थिर राहते. मग रिंग आधी पडद्याला, नंतर चौकटीला चिकटवून रात्रभर तशीच ठेवावी. पट्ट्या काढून पडदा दाबून पाहावा, घासत नसेल तरच टोपी परत चिकटवावी. या कामी कौशल्यापेक्षा धीर अधिक लागतो, आणि घाईने केलेल्या चार दुरुस्त्यांपेक्षा अशी एक दुरुस्ती माणसाला यंत्राविषयी अधिक शिकवते, असे माझे मत आहे.

तारा जोडताना लाल-काळ्याचा भेद दोन्ही पेट्यांत सारखा राखावा. एकीचे टोक उलट लागले, तर एक पडदा पुढे जातो तेव्हा दुसरा मागे येतो, आणि खर्जाचे स्वर परस्परांना मारून टाकतात. हा खर्ज किती मोलाचा असतो, याचे एक उदाहरण याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. औंढा तालुक्यातील दुधाळा येथे गुरुत्वलहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपलेली पहिली लहर सेकंदाला सुमारे ३५ कंपनांपासून २५० पर्यंत चढत गेली होती. शास्त्रज्ञांनी तिचे ध्वनीत रूपांतर केले आहे. त्या ध्वनीचा आरंभ ऐकू येण्यास चांगला वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा ध्वनिक्षेपक, लागतो, मोबाइलचा इवलासा स्पीकर तो गिळून टाकतो.

ट्वीटर, म्हणजे तारस्वरांचा छोटा ध्वनिक्षेपक, जळतो तो बहुधा दुबळ्या ॲम्प्लिफायरचे बटण शेवटपर्यंत पिळल्यामुळे. क्षमतेबाहेर ताणलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये ध्वनिलहरींचे माथे कापले जातात, त्यातून तारस्वरांचा कृत्रिम भार निर्माण होतो, आणि तो थेट त्या नाजूक कॉइलवर येऊन पडतो. ट्वीटर मंद वाजत असेल, तर त्याच्या मालिकेतील कपॅसिटर वाळला आहे का, हेही पाहावे. तितक्याच मूल्याचा नवा कपॅसिटर अल्प खर्चात येतो.

ॲम्प्लिफायरची पेटी मात्र अनुभव नसताना उघडू नये. वीज बंद केल्यावरही आतील मोठे कपॅसिटर काही काळ भारलेले राहतात आणि जीवघेणा धक्का देऊ शकतात. खरोखर जळालेली कॉइल हे जाणत्या दुरुस्तीवाल्याचे काम आहे. त्याच्याकडे ध्वनिक्षेपक चौकट आणि चुंबकासह अखंड न्यावा. हे दोन भाग शाबूत असले, तर नवी कॉइल आणि नवा पडदा घालून तोच ध्वनिक्षेपक पुन्हा वर्षानुवर्षे वाजतो.