सहल सेवेची, शिदोरी वर्षभराची

मे महिना आला की घराघरांत एकच विषय असतो, सुट्टीत कुठं जायचं? कुणी कोकणात, कुणी महाबळेश्वरला, कुणी मामाच्या गावाला. पण पदरचे पैसे घालून, आठवडाभर आधीपासून तयारी करून, मुंबईला जायचं आणि तिथं जाऊन भांडी घासायची, चादरी धुवायच्या, अनोळखी आजाऱ्याशेजारी बसायचं, अशी सहल तुम्ही कधी ऐकलीय का? आमच्या तालुक्याच्या गावातल्या चर्चच्या तरुण संघानं २०२५ च्या मे महिन्यात अशी सहल काढली. मुलींबरोबर कुणीतरी मोठी बाई हवी म्हणून पाळकीणबाईंनी मला विचारलं आणि मी गेले. मी काही त्या चर्चची सभासद नाही. पण गावात बचत गटाच्या निमित्तानं या मुलींच्या आया माझ्या ओळखीच्या, आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच होता, "काकू, तुम्ही आहात ना बरोबर?"

मैत्रिणींनो, आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याला मराठी ख्रिस्ती समाज नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई याच मातीत वावरल्या. आजही आमच्या चर्चमध्ये रविवारी पेटी-तबल्यावर भजनं होतात, हातात 'उपासना संगीत' असतं, आणि उपासना सुटली की बायका दारात उभ्या राहून ज्वारीच्या भावापासून पोरीच्या स्थळापर्यंत सगळं बोलून घेतात. म्हणजे अगदी आपल्यासारखंच!

वर्षभर चालतं ते काम

तरुण संघ म्हणजे काय, असं मला आधी वाटायचं. नाताळात तारे लावणारी, घरोघर गाणी म्हणत फिरणारी मुलं, एवढीच माझी माहिती. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, की नाताळ हा त्यांच्या वर्षातला फक्त एक आठवडा. बाकीच्या एकावन्न आठवड्यांचं काय? रविवारी सकाळी लहान मुलांची संडे स्कूल हीच मुलं-मुली घेतात. दर शनिवारी संध्याकाळी त्यांची स्वतःची बैठक असते. प्रार्थना, एखादा विषय, मग हिशेब. महिन्यातून एकदा दोन-दोनच्या जोड्या करून आजारी, एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जायचं. पुनरुत्थान रविवारच्या आधी कब्रस्तानातलं गवत काढायचं, कबरींना चुना लावायचा. उन्हाळ्यात लहान मुलांसाठी आठवड्याची सुट्टीतली शाळा भरवायची, तीत गाणी, गोष्टी, कागदकाम. तिथं शेजारपाजारची सगळ्या जातीधर्मांची पोरं येतात, कारण सरबत आणि चिवडा फुकट असतो!

यातलं मला सगळ्यात आवडलं ते त्यांचं हिशेबाचं वही-प्रकरण. चौदा मुलं-मुली, खजिनदार अठरा वर्षांची, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पन्नास रुपये आले तरी पावती आणि दहा रुपये गेले तरी सही. आपल्या कितीतरी मंडळांना हे जमत नाही, खरं ना?

मुंबईच का?

अमेरिकेत अनेक चर्चची तरुण मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत मोठ्या शहरात आठवडाभर सेवेला जातात. गरिबांसाठी चालवलेल्या जेवणघरात वाढपी होतात, रात्री एखाद्या चर्चच्या हॉलमध्ये जमिनीवर झोपतात. पाळकसाहेबांना कल्पना सुचली ती तिथून. पण तशी ही वाट आपल्याकडेही जुनीच आहे. शहरात पोटासाठी आलेल्या तरुणांकरता लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स नावाच्या कापडदुकानातल्या तरुणानं १८४४ साली वाय.एम.सी.ए. काढली, ती १८७५ साली मुंबईत पोहोचली. नंतर १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ नागपाड्याच्या दाट वस्तीत राहिले आणि त्यांनी 'नेबरहूड हाऊस' चालवलं. त्यांच्याच पुढाकारानं १९३६ साली तिथं समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था सुरू झाली. आज देवनारला असलेली टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच! म्हणजे 'वस्तीत जा, आधी बघा, मग करा' हा धडा मुंबईनं फार पूर्वीच गिरवलेला आहे.

एका आईचा नकार

सहल ठरली खरी, पण पैसे? घरून मागायचे नाहीत, हा संघाचा नियम. मग नाताळात चिवडा-करंज्यांची पाकिटं विकली, लग्नात वाढप्याचं काम घेतलं, रद्दी गोळा केली. पाच महिन्यांत प्रवास, जेवण आणि वर थोडी शिल्लक एवढे पैसे जमले.

खरी अडचण पुढेच होती. खजिनदार मुलीची आईच तयार होईना. ही बाई अंगणवाडीत मदतनीस. नवरा गेल्यावर दोन मुलींना एकटीनं वाढवलेलं. ती मला म्हणाली, "काकू, तिथं काही झालं तर लोक चर्चला नाही विचारणार, मला विचारतील." काय चुकीचं बोलली ती? मुलगी गावाबाहेर पडली की तिच्या पायाला आईची अब्रू बांधलेली असते, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

पाळकसाहेबांनी तिला उपदेश केला नाही, ही मोठी गोष्ट. पाळकीणबाई तिच्या घरी गेल्या. मुक्काम कुठं, न्हाणीघराला कडी आहे का, रात्री दार कोण लावणार, मुलं आणि मुली वेगवेगळ्या मजल्यांवर कशी झोपणार, फोन कुणाचा चालू राहणार, सगळं कागदावर लिहून दिलं. चौथ्या दिवशी आईनं होकार दिला, तोही अटीवर: रोज रात्री नऊ वाजता फोन. चार दिवसांत एकही फोन चुकला नाही.

दुसरीकडून कुजबुजही कानावर आली. "तुम्ही कशाला त्यांच्याबरोबर? धर्माचं काहीतरी असेल." मी सरळ पाळकसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, आजाऱ्यापुढं पत्रक धरायचं नाही, त्यानं मागितल्याशिवाय प्रार्थनाही मोठ्यानं करायची नाही, हे मुलांना आधीच सांगितलंय. चार दिवस मी डोळे उघडे ठेवून होते. नियम कुणी मोडला नाही.

परळचा फूटपाथ

पहाटेची एस.टी., माळशेज घाट, कल्याण, आणि तिथून लोकल. आमच्या मुलींनी बायकांच्या डब्यातली ती गर्दी पाहिली आणि दोघी-तिघींनी माझा पदरच धरला! मुक्काम भायखळ्याजवळ एका चर्चच्या हॉलमध्ये. पहिले दोन दिवस जवळच्याच एका आश्रमात काम. टाकून दिलेली, मतिमंद, अपंग मुलं, निराधार म्हाताऱ्या. आमच्या मुलांना वाटलेलं, आपण गाणी म्हणू, खेळ घेऊ. तिथल्या सिस्टरनं आधी चादरींचा ढीग दाखवला! दोन दिवस धुणं, फरशी, भरवणं. एका मुलाला एक वाटी मऊ भात भरवायला पाऊण तास लागतो, हे बारावीच्या पोरांना पहिल्यांदाच समजलं. एक पोरगा मला हळूच म्हणाला, "काकू, आई मला कसं भरवत असेल हो?"

तिसऱ्या दिवशी परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. आजही देशभरातून कर्करोगाचे रुग्ण तिथं येतात. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं अशा रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय होते. आणखीही संस्था आहेत. पण माणसं इतकी, की कितीतरी जणांचा संसार फूटपाथवरच. एक पिशवी, एक पाण्याची बाटली, एक्स-रेचं पाकीट आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद.

आमच्याकडे बिस्किटांचे पुडे होते, केळी होती. वाटायला सुरुवात केली आणि एका बाईनं हात आडवा केला. बोलण्यावरून ओळखीची वाटली. विचारलं तर जामखेडकडची! आपल्याच जिल्ह्यातली. नवऱ्याला तोंडाचा कर्करोग, तंबाखूनं केलेला. ती म्हणाली, "बिस्किटं लई झाली पोरींनो. कुणीतरी माझ्यासंगं बसा, अन् हे कागद काय म्हणतात ते सांगा."

खजिनदार मुलगी तिथंच मांडी घालून बसली. पिशवीतले कागद एकेक करून लावले, तारखेप्रमाणे. मग लक्षात आलं, की महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागतं आणि ते राहिलंय गावाला, पत्र्याच्या पेटीत. या बाईला ते कुणी सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलेलं त्या गडबडीत तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. आमच्या पोरांनी गावातल्या पुतण्याला फोन लावून दिला. तो रात्रीच्या गाडीनं कार्ड घेऊन निघाला. सकाळी दोघं जण त्याला घ्यायला दादरला गेले, बाईला आणि त्याला आरोग्यमित्राच्या खिडकीपर्यंत पोहोचवलं, रांगेत उभे राहिले. बस्स, एवढंच. कुणी पैसे दिले नाहीत, कुणी भाषण केलं नाही. पण चार दिवसांत आम्ही केलेलं सगळ्यात मोलाचं काम तेच, असं मला वाटतं.

परत आल्यावर काय?

आता प्रामाणिकपणे विचारू या. चौदा मुलं चार दिवस मुंबईला गेली, त्यानं मुंबईचं काय भलं झालं? फारसं काही नाही. चादरी पुन्हा मळल्या, फूटपाथवर दुसरी माणसं आली. सेवेची सहल ही जाणाऱ्यालाच जास्त देते. म्हणूनच परत आल्यावर काय करायचं, हा प्रश्न महत्त्वाचा. फोटो दाखवून, शाबासकी घेऊन विसरून जायचं का?

परतल्यावरच्या पहिल्याच शनिवारी बैठकीत हाच विषय निघाला. खजिनदार मुलगी म्हणाली, "त्या मावशीचा कागद जामखेडलाच कुणी बघितला असता, तर मुंबईत तिचे तीन दिवस गेले नसते." त्यातून दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या व्हरांड्यात एक टेबल मांडायचं ठरलं. मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या कुणीही यावं, कुठल्याही धर्माचं. मुलं कागद बघतात: रेशनकार्ड आहे का, आधारवरचं नाव जुळतं का, आधीचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेत का, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आहेत का. एका वहीत धर्मशाळांचे पत्ते आहेत. कुठल्या स्टेशनला उतरायचं, ते मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून देतात. कधी कुणीच येत नाही, मुलं अभ्यास करत बसतात. कधी चार जण येतात. टेबल मात्र मांडलं जातंच.

आणि त्या मुलीची आई? अंगणवाडीतून घरोघरची आजारपणं तिला आधी कळतात. "गुरुवारी चर्चकडं जा, माझी पोरगी बसते तिथं," असं ती लोकांना सांगते. 'माझी पोरगी' म्हणताना तिचा आवाज कसा लागतो, ते तुम्ही ऐकायला हवं!

आपल्यालाही जमेल

भजनी मंडळ असो, गणेश मंडळ असो, महिला मंडळ किंवा बचत गट, असं काही करायचं मनात असेल तर या पोरांकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. जिथं जायचं त्या संस्थेला महिनाभर आधी पत्र लिहून विचारा, 'तुम्हाला काय हवंय?' आपल्याला काय द्यायचंय, ते नंतर. घरातले फाटके-विटके कपडे गाठोड्यात बांधून नेऊ नका, ते दान नव्हे, साफसफाई झाली. आजाऱ्याचा, लेकराचा फोटो काढू नका. आपल्या दुखण्याचा फोटो गावभर फिरलेला आपल्याला चालेल का? मुली असतील तर झोपायची, न्हाणीघराची, फोनची सोय आयांना आधी लेखी कळवा, म्हणजे नकार निम्मे कमी होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, निघायच्या आधीच ठरवा की परतल्यावर दर आठवड्याला कुठला एक तास द्यायचा.

मुंबईला जाणं नाही जमलं तरी हरकत नाही. आपल्या गल्लीत कुणीतरी उद्याच मोठ्या दवाखान्यात निघालेलं असतं. त्याच्या पिशवीतले कागद एकदा बघून द्या. रेशनकार्ड घेतलंय ना, एवढं जरी विचारलंत, तरी कुणाचे तरी तीन दिवस वाचतील.