द हे वेन

द हे वेन हे इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याने १८२१ साली पूर्ण केलेले तैलचित्र आहे. सफक आणि एसेक्स या परगण्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या स्टूर नदीचे फ्लॅटफर्ड येथील उथळ पात्र, त्यातून चाललेली तीन घोड्यांची रिकामी गाडी आणि काठावरील एक घर, एवढाच त्याचा विषय आहे. सुमारे १३० × १८५ सें.मी. आकाराचे हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आज ते निवांत, अपरिवर्तनीय अशा इंग्लिश खेड्याचे प्रतीक मानले जाते. प्रत्यक्षात मात्र ते रंगवले गेले तेव्हा ते खेडे निवांत नव्हते आणि चित्राची शैलीही रुळलेली नव्हती.

नाव

इंग्रजीत ‘हे’ म्हणजे वाळलेले गवत आणि ‘वेन’ म्हणजे शेतमाल वाहणारी मोठी गाडी. १८२१ मध्ये रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात चित्राचे शीर्षक ‘भूदृश्य : मध्यान्ह’ असे होते. आजचे नाव कॉन्स्टेबलचा मित्र, धर्मोपदेशक जॉन फिशर याच्या बोलण्यातून रूढ झाले.

चित्रातील दृश्य

डावीकडील घर विली लॉट या कुळाचे आहे. ऐंशीहून अधिक वर्षांच्या आयुष्यात त्याने केवळ चार रात्री या घराबाहेर काढल्या, असे सांगितले जाते. घराजवळ एक स्त्री पाण्याशी वाकलेली असून अग्रभागी एक कुत्रा गाडीकडे पाहत आहे. उजवीकडे दूरच्या कुरणात पांढरे ठिपके दिसतात. ते गवत कापणारे व गाडीत भरणारे मजूर होत. रिकामी गाडी त्यांच्याकडेच निघालेली असावी. ती पाण्यात का उभी आहे, याचे एक स्पष्टीकरण बैलगाडी पाहिलेल्या वाचकाला सहज पटेल: उन्हाने चाकाचे लाकूड आकसते व लोखंडी धाव सैल होते, पाण्यात लाकूड फुगून ती पुन्हा घट्ट बसते.

घोड्यांच्या साजावरील लाल रंग सभोवतालच्या हिरव्या छटांना उठाव देतो. कॉन्स्टेबलने हिरवा रंग एकसारखा न पसरता अनेक छटांच्या तुटक फटकाऱ्यांनी लावला आणि पाण्यावर व पानांवर शुभ्र ठिपके देऊन ओलसर प्रकाशाचा आभास निर्माण केला. समकालीन टीकाकारांनी या ठिपक्यांची ‘कॉन्स्टेबलचा बर्फ’ म्हणून थट्टा केली.

निर्मिती

चित्र उघड्यावर रंगवलेले वाटते, परंतु ते लंडनमधील चित्रशाळेत तयार झाले. कॉन्स्टेबलने आधीच्या वर्षांतील रेखाटने वापरली, तसेच मूळ आकाराचा तैलरंगातील कच्चा आराखडाही केला. तो व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. गाडीचे तपशील अचूक यावेत म्हणून त्याने आपल्या भावाकरवी सफकमधून तिचे रेखाटन मागवले. आराखड्यात अग्रभागी घोडेस्वार मुलगा होता. अंतिम चित्रात त्याच्या जागी प्रथम पिंप आले आणि नंतर तेही रंगाखाली झाकले गेले.

१८१९ पासून कॉन्स्टेबल सुमारे सहा फूट रुंदीची नदीकाठची चित्रे करू लागला होता. एवढा आकार तोवर प्रायः ऐतिहासिक व पौराणिक प्रसंगांसाठी राखीव असे. रोजच्या शेतकामाला तो देणे हीच त्या काळी एक भूमिका होती.

स्वागत

लंडनच्या प्रदर्शनात चित्र विकले गेले नाही. फ्रेंच चित्रकार तेओदोर जेरिको याने मात्र इंग्लंडमध्ये ते पाहून त्याची प्रशंसा केली. १८२४ साली जॉन ॲरोस्मिथ या पॅरिसमधील व्यापाऱ्याने हे चित्र, आणखी एक मोठे व एक लहान चित्र मिळून २५० पौंडांना घेतले. त्याच वर्षी पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात त्याला राजा दहावा चार्ल्स याचे सुवर्णपदक लाभले. देलाक्रुआने कॉन्स्टेबलची चित्रे पाहून आपल्या ‘कीऑसचा नरसंहार’ या चित्राचे रंगकाम पुन्हा हाताळले, असे मानले जाते. १८८६ मध्ये हेन्री व्हॉन या संग्राहकाने ते नॅशनल गॅलरीस दिले.

चित्र आणि वास्तव

कॉन्स्टेबलचे वडील फ्लॅटफर्डच्या गिरणीचे मालक व धान्याचे व्यापारी होते. म्हणजे हा प्रदेश त्याने लहानपणापासून पाहिला तो मालकाच्या घरातून. १८१५ मध्ये नेपोलियनविरुद्धची युद्धे संपल्यावर धान्याचे भाव कोसळले आणि शेतमजुरांची मजुरी घटली. पूर्व इंग्लंडमध्ये मळणीयंत्रांची मोडतोड झाली, गंज्या पेटवल्या गेल्या. १८२२ च्या एका पत्रात कॉन्स्टेबलने फिशरला कळवले, की भावाच्या सांगण्याप्रमाणे गावाकडे रात्री आगी दिसत आहेत. यांपैकी काहीही चित्रात नाही. जॉन बॅरल या अभ्यासकाने १९८० साली ग्रामीण गरिबांच्या चित्रणाची चिकित्सा करताना कॉन्स्टेबलच्या चित्रांतील मजुरांचे लहान, दूरस्थ असणे अर्थपूर्ण ठरवले. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि गाडी, साज व घर यांविषयी चित्रकाराने बाळगलेली काटेकोर आस्था पाहता, सारे दृश्य केवळ लपवाछपवी आहे असे म्हणणेही एकांगी ठरेल.

नंतरचे उपयोग

चित्राची ओळख इतकी दृढ आहे, की निषेधासाठीही ते वारंवार वापरले गेले. १९८० मध्ये पीटर केनर्डने एका छायाचित्र-जुळणीत या गाडीवर क्रूझ क्षेपणास्त्रे चढवली. जुलै २०२२ मध्ये ‘जस्ट स्टॉप ऑइल’च्या दोन कार्यकर्त्यांनी चित्रावर कागदी आवृत्ती लावून आपले हात चौकटीला चिकटवले; त्या आवृत्तीत नदीच्या जागी डांबरी रस्ता होता आणि आकाशात विमाने होती. चौकटीला व वार्निशला किरकोळ इजा झाली आणि दुरुस्तीनंतर चित्र पुन्हा भिंतीवर लावण्यात आले.