हिरवा ठिपका आणि गोचिडीचा दंश

अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, पोटात मुरडा येतो, क्वचित धाप लागून माणूस बेशुद्धही पडतो. आणि हे सारे मटण खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी, घरात निजानीज झाल्यावर. म्हणून जेवणावर कोणाचा संशयच जात नाही. हा अल्फा-गॅल सिंड्रोम. गाय, बकरा, डुक्कर इत्यादी सस्तन प्राण्यांच्या शरीरात अल्फा-गॅल ही साखर असते, माणसात नसते. विशिष्ट जातींची गोचीड चावली की काहींचे शरीर या साखरेला वैरी मानू लागते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ साली मांसानंतरच्या या उशिराच्या त्रासाचे वर्णन केले. २०१० पासून अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना तो जडला असावा, असा तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राचा २०२३ मधील अंदाज आहे. तिकडे राहणारा आपला मुलगा किंवा भाची सुटीत वसईला आली, की प्रश्न आपल्या ओट्यावर येतो.

मटण टाळता येते. पंचाईत होते तोंडी लावण्याची. हिरवा ठिपका दिसला की आपण निर्धास्त होतो. तो चरबी व जिलेटिन यांना अडवतो खरा, पण दुधाला अडवत नाही. पुष्कळ रोग्यांना दूध सोसते. काहींना दुधाची भुकटीही बाधते. सॉस दाट करणारे कॅराजीनन (४०७ क्रमांकाचे) समुद्री शेवाळातून निघते, तरी त्यात ही साखर असते. उलट मासळीच्या सॉसवर तपकिरी त्रिकोण असतो, अंड्याच्या मेयोनेजवरही. पण मासे, कोंबडी, अंडी यांत अल्फा-गॅल नाही. तेव्हा खूण पाहून थांबू नये, खालची बारीक अक्षरे वाचावीत.

आपल्या ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला मुख्यतः मिरच्या, धणे आणि गरम मसाल्याच्या जिनसांचा. त्याची भीती नको. तेलावर परतलेली सुकटीची चटणीही खुशाल वाढावी. डुकराच्या इंद्यालासाठी व्हिनेगरमध्ये वाटलेला मसालाही निर्धोकच, पण रश्शातला डाव लोणच्याच्या बरणीत बुडाला की ती बरणी या रोग्यापुरती बाद. हे मात्र कोणत्याच लेबलावर छापलेले नसते!

पाहुण्याच्या बॅगेतून आलेल्या परदेशी बाटलीवर बहुधा ठिपकाही नसतो, त्रिकोणही नसतो. ‘नैसर्गिक स्वाद’ या दोन शब्दांआड तेथे गोमांसाचा अर्कही असू शकतो. अशा वेळी बनवणाऱ्यालाच पत्र घालून विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ती बाटली घरातल्या इतरांनी संपवावी.